मालिशचे तेल घरी करताना: आधारतेल, सुगंधी तेल आणि थेंबांचा हिशेब

घरी केलेल्या मालिशच्या तेलात अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव भाग एक तेल असते आणि उरलेला एखाद-दुसरा भाग दुसरे. पहिल्याला कॅरिअर ऑइल म्हणतात. या लेखात त्याला आधारतेल म्हटले आहे. दुसरे म्हणजे इसेन्शियल ऑइल, अर्थात वनस्पतीचे सुगंधी तेल. या दोहोंचे प्रमाण सांभाळले, तर बाकीचे काम कोणत्याही स्वयंपाकघरात अर्ध्या तासात होण्याजोगे आहे. ते बिघडले, तर अंगावर पुरळ उठण्यापासून तान्ह्या मुलाचा श्वास अडखळण्यापर्यंत काहीही होऊ शकते. मोबाइलवर फिरणाऱ्या कृतींमध्ये ‘आवडीच्या सुगंधी तेलाचे दहा-पंधरा थेंब टाका’ एवढेच लिहिलेले असते. किती तेलात टाकायचे आणि कोणते मुळीच टाकायचे नाही, हे लिहिलेले नसते. हा लेख मुख्यतः त्या न लिहिलेल्या भागाविषयी आहे.

आधारतेल बियांतून किंवा फळांतून दाबून काढलेले असते. तीळ, शेंगदाणा, करडई, खोबरे, एरंडी, बदाम ही सारी त्याच जातीची तेले होत. ती स्निग्ध असतात, हवेत उडून जात नाहीत, त्वचेवर पातळ थर धरून राहतात आणि हात घसरू देतात. सुगंधी तेल पूर्णपणे वेगळ्या घडणीचे असते. पाने, फुले, साल किंवा मुळे भट्टीत घालून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर सुगंधाचे हलके घटक वर येतात, नळीत थंड होतात आणि भांड्यात पाण्यावर तेलाचा पातळ थर जमतो, तो वेगळा काढतात. संत्री-लिंबांच्या बाबतीत मात्र सालच दाबून तेल काढले जाते. हे तेल हवेत उडते, पाण्यात विरघळत नाही आणि स्निग्ध तेलात सहज मिसळते. त्यामुळे अंघोळीच्या बादलीत निलगिरीचे थेंब टाकले, तर ते पाण्यावर तरंगत राहतात आणि जिथे अंगाला लागतात तिथे निर्भेळच लागतात. आधारतेलाचे खरे काम इथे कळते: जहाल तेलाचा एकेक थेंब ते पसरवून सौम्य करते.

खानदेशाला हे दुसरे तेल नवे नाही. पावसाळा सरता सरता सातपुड्याच्या उतारांवर आणि साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यात रोशा गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे पान दोन बोटांत चुरगळले, तर आधी गुलाबासारखा आणि मागून किंचित आल्यासारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा आणि अक्राणी या भागांत ओढ्यांच्या काठी भट्ट्या लावून या गवताचे तेल काढत. ते मुंबईमार्गे तांबड्या समुद्रावरच्या बंदरांना आणि तिथून तुर्कस्तानात जाई. तिथे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई, कारण रोशा तेलाचा सर्वांत मोठा घटक जिरॅनिऑल हाच गुलाबाच्या वासातलाही एक मुख्य घटक आहे. आज हेच तेल पामारोसा या नावाने बाटलीत मिळते. लॅव्हेंडरच्या मानाने ते बहुधा स्वस्त पडते, त्वचेला बरेच सौम्य असते, आणि आपल्याच डोंगरातले असूनही घरी तेल करणाऱ्यांच्या यादीत ते क्वचितच दिसते, याचे मला नवल वाटते. या गवताच्या मोतिया आणि सोफिया अशा दोन जाती आहेत; गुलाबाच्या वासाचे उंची तेल मोतियाचे, सोफियाचा वास अधिक उग्र असतो.

आधारतेलाची निवड करताना आपल्याकडे तिळाला पहिला मान आहे आणि तो रास्त आहे. तिळाच्या तेलात ओलिक आणि लिनोलिक ही दोन मेदाम्ले जवळजवळ सारख्या प्रमाणात, प्रत्येकी सुमारे 40 टक्के असतात, म्हणून ते फार जड वाटत नाही आणि फार लवकर जिरून हात कोरडाही पाडत नाही. शिवाय त्यात सेसमॉल आणि सेसमिनसारखे घटक असतात, जे तेलाला खवट होण्यापासून वाचवतात. ज्या मुलखात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि बंद खोलीतली मांडणीही तापलेली असते, तिथे हा गुण फार मोलाचा आहे. लाकडी घाण्याच्या तेलाला स्वतःचा वास असतो आणि तो हलक्या सुगंधी तेलाला दाबून टाकतो. तसे नको असेल, तर रिफाइंड तेल वापरण्यात काहीही कमीपणा नाही. घाण्याचे तेच शुद्ध आणि रिफाइंड ते वाईट, हा हिशेब मालिशला जसाच्या तसा लागू होत नाही.

खोबरेल तेल सुमारे 24 अंशांखाली थिजते, म्हणून धुळे-जळगावच्या थंडीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय ते ओतता येत नाही. हिवाळ्यात त्यात निम्मे तिळाचे तेल मिसळले, तर काम सोपे होते. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल 75 टक्क्यांच्या आसपास असते. ते त्वचेला हलके आणि चांगले, पण त्याच कारणाने लवकर खवट होणारे असते, तेव्हा ते थोडेच करावे आणि लवकर संपवावे. शेंगदाण्याचे तेल गुळगुळीत असते आणि टिकतेही, परंतु घाण्याच्या तेलात शेंगदाण्यातील प्रथिनांचा अंश राहतो. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल किंवा मुलाला इसब असेल, तर ते टाळावे. सरकीचे कच्चे तेल गडद असते आणि त्यात गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते, म्हणून कापसाच्या मुलखात राहत असलो तरी ते अंगाला लावू नये. एरंडेल इतके घट्ट की त्याने मालिश होत नाही, पण टाचांच्या भेगांसाठी तिळाच्या तेलात पाचवा हिस्सा एरंडेल मिसळले, तर थर चांगला टिकतो. सातपुड्यातील गावांमध्ये मोहाच्या बियांचे तेल याच कामासाठी वापरतात. थंडीत तेही थिजते.

आता थेंबांचा हिशेब पाहू. सुगंधी तेलाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 20 थेंब धरतात, परंतु तेल पातळ असेल आणि बाटलीचे तोंड बारीक असेल, तर तेच 30 वर जातात. म्हणून थेंब ही मोजण्याची कच्ची रीत आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी 1 किंवा 2 मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज स्वस्त असते आणि तिच्याने माप नेमके होते. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या अंगाच्या मालिशसाठी सुगंधी तेलाचे एकूण प्रमाण 2 टक्क्यांपर्यंत ठेवावे, म्हणजे 100 मिलिलिटर आधारतेलात 2 मिलिलिटर, अर्थात सुमारे 40 थेंब. चेहरा, नाजूक त्वचा, साठीपुढची माणसे आणि डॉक्टरांना विचारून वापरणाऱ्या गरोदर स्त्रिया यांच्यासाठी 1 टक्का पुरे. दोन-तीन सुगंधी तेले एकत्र केली, तरी मर्यादा त्या सगळ्यांच्या बेरजेला लागू होते, प्रत्येकाला वेगळी नाही. हा मुद्दा हमखास निसटतो.

सुरुवातीला उल्लेख केलेले ते दहा थेंब 100 मिलिलिटरमध्ये पडले, तर प्रमाण अर्धा टक्का होते. तेच दहा थेंब वाटीतल्या चमचाभर तेलात पडले, तर ते जवळपास 10 टक्के होते. कृती तीच, पण एकीने वास जेमतेम येतो आणि दुसरीने त्वचा भाजल्यासारखी लाल होते. आमटीत हिंग जितक्या हाताने पडते तितक्याच हाताने हे तेल पडले पाहिजे.

काही तेलांना दोन टक्केही फार होतात. लवंगेच्या तेलात युजेनॉल हा जहाल घटक असतो, म्हणून हे तेल अर्ध्या टक्क्याच्या वर नेऊ नये. गवती चहाच्या तेलातील सिट्रल त्वचेला झोंबते, म्हणून ते 0.7 टक्क्यांच्या आत ठेवावे. दालचिनीच्या सालीचे तेल तर घरगुती मालिशसाठी बादच समजावे. सालीपासून दाबून काढलेले लिंबूतेल आणि बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल यांत असे घटक असतात की, ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि मागे काळे डाग राहतात. सकाळी खांद्याला असे तेल चोळून कापूस वेचायला जाणे, याहून वाईट योग नाही. ही तेले लावल्यावर निदान बारा तास तो भाग उघड्या उन्हात नेऊ नये. वाफेवर काढलेल्या लिंबूतेलात हा दोष जवळजवळ नसतो, तेव्हा बाटलीवर काढण्याची पद्धत लिहिली आहे का, ते पाहून घ्यावे.

सर्वांत जास्त जपायचे ते गंधपुऱ्याच्या तेलाला. गुडघेदुखीसाठी ते आपल्याकडे सर्रास मिळते, आणि त्याचा 98 टक्क्यांच्या आसपास भाग मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनचे भावंड असतो. एका चमच्यात, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये, त्याचे प्रमाण ॲस्पिरिनच्या नेहमीच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके भरते. लहान मुलाने ते प्यायले तर जीव जाऊ शकतो. ज्यांना हृदयविकारासाठी वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू आहे, त्यांनी ते अंगालाही लावू नये, कारण त्वचेतून शोषले जाऊन ते रक्तस्रावाचा धोका वाढवते. ज्या घरात आजोबांचे औषध चालू असते आणि नातवंडे रांगत असतात, त्या घरात ही बाटली खोबरेल तेलाच्या शेजारी खालच्या फळीवर ठेवलेली पाहून धडकी भरते.

तान्ह्या बाळाच्या मालिशला सुगंधी तेलाची गरजच नसते. बाळाची त्वचा पातळ असते, शरीर लहान असते, आणि आईच्या अंगाच्या वासाने ओळख पटवण्याचे त्याचे दिवस असतात. सर्दी झाली की खोबरेल तेलात कापूर विरघळवून छातीला आणि नाकाखाली चोळण्याची पद्धत घरोघरी आहे. ती दोन वर्षांखालील मुलांसाठी तरी सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येतात, आणि पुदिन्याचे किंवा निलगिरीचे तेल नाकाशी नेल्यास तान्ह्या मुलाचा श्वास अडखळू शकतो. बाळासाठी साधे खोबरेल किंवा सूर्यफुलाचे तेल घ्यावे, ते नाका-कानांत घालू नये, आणि टाळूवर थापून ठेवू नये. मोहरीचे तेल नवजात त्वचेचा संरक्षक थर कमकुवत करते. ऑलिव्ह तेलाची महती बरीच ऐकू येते, पण त्यात ओलिक आम्ल फार असल्याने तेही कोवळ्या त्वचेला तितकेसे मानवत नाही.

बाजारात अत्तरासारख्या छोट्या बाटलीवर ‘लॅव्हेंडर’ लिहिलेले असले, तरी आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. मेणबत्त्या आणि डिफ्यूझरसाठी केलेले कृत्रिम सुगंध तशाच बाटल्यांतून विकले जातात आणि ते अंगाला लावण्यासाठी नसतात. खऱ्या तेलाच्या बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वनस्पतीचा कोणता भाग वापरला ते, बॅच क्रमांक आणि तारीख असते; बाटली गडद काचेची असते आणि तोंडाला थेंब पाडणारी बारीक चकती असते. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून तासा-दोन तासांनी पाहावे. निलगिरी किंवा लॅव्हेंडरसारखे पातळ तेल उडून जाते आणि कागद कोरा राहतो. कडेला तुपकट वर्तुळ उरले, तर त्यात स्वस्त आधारतेल मिसळलेले आहे असे समजावे. चंदन आणि वाळा यांची तेले जड असल्याने मुळातच डाग ठेवतात, त्यांना ही कसोटी लावू नये. शिवाय ही कसोटी कृत्रिम सुगंध ओळखत नाही, कारण तोही उडून जातो. तिथे लेबलच वाचावे लागते.

तयार करण्याची कृती थोडक्यात सांगता येते. गडद काचेची बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. पाण्याचा अंश राहिला की तेल बिघडण्याची सुरुवात तिथून होते. आधी सुगंधी तेल सिरिंजने मोजून टाकावे, मग आधारतेल ओतावे, झाकण लावून बाटली तळहातांत फिरवावी आणि एक दिवस सावलीत ठेवावी, म्हणजे वास एकजीव होतो. वजनकाट्यावर मोजणाऱ्यांनी 100 मिलिलिटर आधारतेलाचे वजन सुमारे 92 ग्रॅम भरते, हे ध्यानात ठेवावे. बाटलीवर कागद चिकटवून त्यात काय आहे, किती आहे आणि कोणत्या तारखेला केले, ते लिहावे. पहिल्यांदा वापरण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 24 ते 48 तास थांबावे. खाज, लाली किंवा फोड आला, तर ते तेल त्या व्यक्तीसाठी नाही, मग ते कितीही महागाचे असो.

केळीचे घड वाहून किंवा दिवसभर वाकून काम करून भरून आलेल्या पाठीसाठी 70 मिलिलिटर तिळाचे आणि 30 मिलिलिटर करडईचे तेल घेऊन त्यात निलगिरीचे 1, रोशाचे 0.7 आणि गवती चहाचे 0.3 मिलिलिटर तेल मिसळावे. बेरीज बरोबर 2 होते. झोपण्यापूर्वी पायांना लावायचे असेल, तर 25 मिलिलिटर खोबरेल आणि 25 मिलिलिटर बदाम तेलात लॅव्हेंडरचे 10 थेंब पुरतात. हा झाला 1 टक्का. तेल कोमट हवे असल्यास वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी, गॅसवर नाही, आणि लावणाऱ्याने आधी आपल्या मनगटावर पाहावे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तेल किती गरम आहे हे कळत नाही आणि फोड येऊन गेल्यावर लक्षात येते, म्हणून त्यांच्यासाठी तेल गरम करूच नये.

संध्याकाळी शेतातून आलेला माणूस ‘पाठले तेल चोळी दे’ म्हणतो, तेव्हा त्याला आराम पडतो तो बराचसा हाताने. चोळण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, वासाने मन थोडे निवते, आणि तेल मधल्या घर्षणाची काळजी घेते. सुगंधी तेलाने सांधेदुखी मुळापासून जाते, असे म्हणण्याला आधार नाही. म्हणून काही ठिकाणी हात आवरलेलाच बरा. ताप असताना, जखमेवर, नुकत्या मुरगळलेल्या घोट्यावर पहिले दोन दिवस, आणि एकाच पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखत असेल तर मालिश करू नये. शेवटच्या प्रकारात शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांची हाडे ठणकू लागली की घरचे लोक तेल चोळत बसतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. अशा वेळी भरपूर पाणी पाजून रुग्णाला दवाखान्यात न्यावे.

ओवा, मेथी, लसूण घालून तेल कढवण्याची आपली रीत ही याहून वेगळी गोष्ट आहे. तिथे सुगंधी तेल वेगळे काढलेले नसते, वनस्पतीतले काही घटक थेट आधारतेलात उतरवलेले असतात. आयुर्वेदाच्या तैलपाकात 1 भाग कल्क (म्हणजे वाटलेल्या वनस्पतीचा ओला गोळा), 4 भाग तेल आणि 16 भाग पाणी किंवा काढा असे ढोबळ प्रमाण असते, आणि सगळे पाणी आटेपर्यंत मंद आचेवर कढवायचे असते. ते आटले की नाही, हे पाहण्याची जुनी परीक्षा अजूनही उत्तम आहे: तेलातला कल्क चिमटीत घेऊन त्याची वात वळावी आणि विस्तवावर धरावी, तडतडली तर पाणी शिल्लक आहे, आवाज न करता जळली तर तेल सिद्ध झाले. घरी केलेले लसणाचे तेल आठ दिवसांत वास मारते, त्याचे कारण बहुधा हे न आटलेले पाणीच असते. कढत्या तेलात सुगंधी तेलाचे थेंब मात्र टाकू नयेत. ते वाफेबरोबर उडून जातात आणि डोळ्यांना झोंबतात.

तेल उष्णता, उजेड आणि हवा या तिघांमुळे बिघडते, आणि उन्हाळ्यात खानदेशात पहिल्या दोहोंची ददात नसते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की खवट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे हिवाळ्यात सहा महिने राहिलेले तेल मे महिन्यात दोन महिन्यांत वास मारू लागते. म्हणून उन्हाळ्यात 50 मिलिलिटरहून जास्त करू नये, बाटली माठाशेजारी किंवा फ्रिजमध्ये ठेवावी. व्हिटॅमिन ईची एक कॅप्सूल फोडून टाकली, तर आधारतेल थोडे जास्त टिकते, पण पाणी शिरलेल्या तेलातली बुरशी तिने थांबत नाही. सुगंधी तेलही जुने होते. टी ट्री, लॅव्हेंडर आणि लिंबूवर्गीय तेलांची बाटली उघडून वर्ष उलटले की हवेशी संयोग होऊन त्यांत नवे घटक तयार होतात आणि तेच ॲलर्जीचे मूळ ठरतात. इतके दिवस कधी त्रास झाला नाही, मग आताच अंग का खाजले, याचे उत्तर पुष्कळदा बाटलीच्या वयात सापडते.

मालिशनंतर तेलाने माखलेले पंचे आणि चादरी यांचा गठ्ठा करून बंद खोलीत टाकू नये. करडई आणि जवस यांसारखी तेले कापडात मुरली की हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतात, गठ्ठ्यात ती कोंडते, आणि भर उन्हाळ्यात असा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. कापड त्याच दिवशी गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि साबण घालून धुवावे, तोवर दोरीवर पसरून ठेवावे, आणि न्हाणीघराची फरशीही साबणाने घासून घ्यावी, कारण तिच्यावर पुढची अंघोळ बहुधा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची असते.